जितके भितुर, तितके भायर

परुळेकरकाकांचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला तेव्हा मी एका मेलेल्या माणसाच्या छातीवर उभी होते. मला ते ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं, ग्रुप फोटो काढायला बरा उंचवटा मिळाला.

या परक्या देशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या, काकांना धरून नऊ जणांची रविवारची भटकंती होती. सेम्बावांगच्या बाजूला जुन्या रबराच्या मळ्याची एक टेकडी आहे. मळा कधीच संपला, जंगल मात्र माजलं. काका तिथून जवळच राहायचे म्हणून वाट दाखवायला पुढे होते, आणि तोवर मला फक्त त्यांची काळी छत्री पाठमोरी दिसत होती. मी मोबाइल वर धरला आणि ते वळले.

"बाय, खाली उतर," ते म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही. "हळू. उडी मारू नकोस. कुणाच्या तरी छातीवर उभी आहेस तू."

मी मूळचीच भित्री. झुरळाला भिते, लिफ्टला भिते, इथे राहायच्या पासच्या रिन्यूअलचा ईमेल आला की उघडायला भिते. ऑफिसात मी टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्याच्या कामात काय बिघडेल याची धास्ती बाळगणं हाच माझा धंदा. पण त्या दिवशी मी उतरताना काकांचं तोंड पाहिलं आणि चाट पडले. ते माझ्यापेक्षा जास्त घाबरले होते. बहात्तर वर्षांचा, जन्म बोटीवर काढलेला चीफ इंजिनिअर, आणि ओठ पांढरे पडलेले.

त्यांनी टोपी काढली, छत्री मिटून काखेत धरली आणि त्या मातीच्या ढिगाला हात जोडून सिंधुदुर्गातल्या त्यांच्या गावच्या बोलीत गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, तुझ्या जाग्यात आज आम्ही पाय ठेवतव. काय चुकला माकला तर पोटात घाल, आनि जितके भितुर जातव तितके भायर काढ रे म्हाराजा." मग ते आमच्याकडे वळून थांबले. गाऱ्हाण्याला बाकीच्यांनी साथ द्यायची असते. ट्रॅक पँट आणि महागडे बूट घातलेल्या आम्ही आठ जणांनी, काहींनी ओठ दाबून हसत, म्हटलं, "व्हय म्हाराजा."

बाहेर पडल्यावर बस स्टॉपवर काकांनी स्वतःला धरून सगळ्यांना मोजलं. नऊ हवेत, आठ भरले. पुन्हा मोजलं. आठच. कुणाला काही कळायच्या आत तो म्हातारा छत्री टाकून जंगलात पळत गेला. त्याच्या हाका आम्हाला रस्त्यावर ऐकू येत होत्या. दहा मिनिटांनी कुणीतरी मोबाइल पाहिला. आमच्यातले एक गृहस्थ डासांना कंटाळून अर्ध्या वाटेवरून टॅक्सीने घरी गेले होते, तसा मेसेजही टाकून. आम्ही काकांना हाका मारून परत आणलं. सगळे हसत होते. काका स्टॉपच्या मागे गेले आणि त्यांना भडभडून उलटी झाली. तेव्हा मात्र माझं हसू थांबलं.

काका गेले त्याला आता आठ महिने झाले. त्या टेकडीभोवती उंच पत्रे लागलेत आणि आतून यंत्रांचा आवाज येतो. माझी मुलगी मला तेव्हाही विचारायची, "आई, यू सो स्केअर्ड, स्टिल वॉन्ट टु गो. व्हाय लाह?" मला तिला नीट सांगता यायचं नाही. भित्र्या माणसाला आयुष्यभर धीर देणारे लोक भेटतात आणि त्यांचा शेवटी वीट येतो. काकांनी मला कधीच 'घाबरू नकोस' म्हटलं नाही. ते म्हणायचे, "घाबर. पण बघून घाबर." म्हणून मी महिन्यातून दोन रविवार सेंगकांगच्या माझ्या घरून सेम्बावांगला जायला लागले.

काय बघायचं ते त्यांनी मला शिकवलं. दगडावर नाव कोरलेली, मागे मातीचा अर्धगोल बांध असलेली चिनी थडगी कुणालाही ओळखू येतात. काकांचा जीव अडकला होता तो बाकीच्यांत, ज्यांना दगडच नव्हता. गरिबांची, एकट्या मजुरांची, लहान मुलांची. पावसाचं पाणी कुठे उगीचच दोन बाजूंना फुटतं ते बघ, म्हणायचे. पेटी कुजली की मधोमध माती बसते, म्हणून ढिगाच्या टाळूला खळगा आहे का बघ. एवढं जुळलं की ते पिशवीतून हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढत, त्याचं टोक मातीला टेकवत आणि मूठ कानाला लावून बसत. बोटीवर बेअरिंगचा आवाज असाच ऐकतात, इंजिनाला टोक आणि कानाला मूठ. मग मला शेजारी छत्रीच्या दांड्याने जमीन हळू ठोकायला सांगत. मला स्वतःला कधी काही वेगळं ऐकू आलं नाही. पण मी ठोकत असताना त्यांच्या मानेवरची शीर हलताना दिसायची.

मग नोंद व्हायची. त्यांच्याकडे बोटीवरच्या पद्धतीचं जाड पुठ्ठ्याचं लॉगबुक होतं. जागा, आकार, लांबी टाचेला बोटं जोडून किती पावलं, आणि शेवटी शेरा. शेरे बहुतेक दोनच असत. 'घाबरलो' किंवा 'घाबरलो नाही'. मी हसले तर म्हणाले, "इंजिनाचा आवाज बदलला की आधी पोट घाबरतं, मग मीटरचा काटा हलतो. जो घाबरत नाही त्याच्या हाती मी कधी वॉच, म्हणजे इंजिनावरची पाळी, दिला नाही." त्या दिवसाच्या पानाखाली 'आत इतके, बाहेर इतके' असं लिहून ते वही माझ्याकडे सरकवत. मोजायचं दोघांनी, सही मात्र फक्त माझी. ते स्वतः कधी सही करत नसत. का, ते मी विचारलं नाही. म्हातारपणी हात थरथरत असेल असं धरून चालले.

एका रविवारी मीच खचले. खरोखरच खचले, म्हणजे पायाखालची माती गेली आणि माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत एका पोकळीत उतरला. खाली गार होतं. बूट कशालातरी टेकला होता आणि ते काय असेल याचा विचार करायचा नाही, एवढंच मी स्वतःला सांगत होते. मी किंचाळलेसुद्धा नाही. काका माझ्यासमोर पालथे झोपले, माझे दोन्ही हात धरले आणि डोळ्यांत बघत म्हणाले, "ओढायचं नाही. आधी विचारायचं." त्या अवस्थेत त्यांनी सबंध गाऱ्हाणं घातलं. साथ द्यायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी रडत रडत तीनदा 'व्हय म्हाराजा' म्हटलं आणि मग त्यांनी माझा पाय तसूतसूने बाहेर काढला. पायाला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. त्या दिवशीच्या नोंदीत त्यांनी शेरा लिहिला, 'दोघेही घाबरलो'.

टेकडीवरून आलो की आम्ही काकांच्या इमारतीखालच्या कॉफी शॉपमध्ये बसायचो. तिथला पेयांचा स्टॉल लिम आंटींचा. वय एकोणऐंशी, पाठ वाकलेली, काकांना 'चीफ' म्हणायच्या आणि त्यांची बिनसाखरेची काळी कॉफी न मागता आणून ठेवायच्या. आम्ही चिखल तुडवून कुठून येतो हे त्यांना कळलं तेव्हा त्या ट्रे हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"माय सिस्टर देअर," त्या म्हणाल्या. "वेरी स्मॉल. नो स्टोन. पापा पुट कप ओन्ली."

हळूहळू गोष्ट कळली. आंटी पाच वर्षांच्या असताना त्यांची सात वर्षांची बहीण तापाने गेली. वडील त्या मळ्यात रबराचा चीक काढायचे. दगड परवडत नव्हता. त्यांनी मुलीला स्वतः उचलून टेकडीवर नेलं, पुरलं, आणि खूण म्हणून चीक गोळा करायचा चिनी मातीचा एक कप त्या ढिगावर पालथा घातला. आंटींना बरोबर नेलं नव्हतं. पुढे घर बदललं, वडील वारले, जंगल वाढलं. सत्तराहून जास्त वर्षं ती बहीण तिथे होती आणि आंटी तिथून बसच्या चार स्टॉपांवर कॉफी गाळत होत्या.

काकांनी कॉफी तशीच ठेवली. घरी जाताना मला म्हणाले, "बाय, मळ्यात असे कप शेकड्यांनी पडलेत. कुठल्या कपाखाली शोधू?" पण शोधायला लागले. आठवड्याचे पाच-पाच दिवस एकटेच जायला लागले. रोज दुपारी मला त्यांचा मेसेज यायचा, 'एक आत, एक बाहेर'. तो आला नाही की ऑफिसात मला स्क्रीनवरचं दिसेनासं व्हायचं.

त्यातच टेकडीच्या तोंडाशी पाटी लागली. जमीन बांधकामासाठी मोकळी होणार होती. नावाची थडगी मोजून त्यांना नंबरच्या खुंट्या ठोकल्या होत्या. वारसांनी ठराविक मुदतीत नाव नोंदवलं तर अवशेष विधिपूर्वक हलवणार, कुणी आलं नाही तर सरकारी खातं स्वतः उकरून, दहन करून समुद्रात सोडणार. पद्धत वाईट नव्हती. पण खुंटी नसलेल्यांचं काय? जे मोजलेच नाहीत त्यांच्यावरून सरळ बुलडोझर जाणार होता.

काकांनी पत्र लिहिलं आणि त्या कामाची एक तरुण अधिकारी मुलगी खरंच भेटायला आली. वयाने लहान, बोलायला नम्र, पायात मोठे बूट. लॉगबुक पाहून तिचे डोळे मोठे झाले. तिने आपले उकरणारे जाणकार आणले आणि काकांनी दाखवलेला पहिलाच ढीग तपासायला घेतला. तो काकांचा सर्वांत लाडका ढीग. शेरा होता, 'फार घाबरलो'. दोन वर्षं त्याच्यापुढे त्यांनी दर रविवारी गाऱ्हाणं घातलं होतं. चार फावडी मारली आणि आतून वाळवीच वाळवी बाहेर पडली. ते वारूळ होतं.

"असू दे," काका मला म्हणाले, "नागोबाला पोचलं असेल." पण हसले नाहीत. अधिकारी मुलगीही काही लागेल असं बोलली नाही, फक्त तिने पुढच्या नोंदींपुढे प्रश्नचिन्हं करायला सुरुवात केली. पुढचे काही ढीग खरे निघाले आणि तिने खुंट्या ठोकल्या. तरी त्या वारुळाने काकांच्या पोटावरचा त्यांचा स्वतःचाच विश्वास उडाला. आणि यादी शुक्रवारी बंद होणार होती.

बुधवारी काकांना दोन लहान ढीग सापडले. शेजारी शेजारी, मध्ये दोन पावलांचं अंतर. दोन्हींची लांबी चार पावलं, दोन्हींच्या टाळूला खळगा आणि दोन्हींवर मातीत अर्धा रुतलेला, पालथा कप. अधिकारी मुलगी फोनवर म्हणाली, आता उकरून तपासायला वेळ नाही, वारसाने दावा केला तर यादीत घेते, पण आंटींची बहीण एकच आहे, तर कुठला ढीग ते सांगा.

गुरुवारी मी रजा टाकून गेले. काका कॉफी शॉपमध्ये बसले होते. समोर वही उघडी होती आणि शेऱ्याची जागा कोरी.

"दोन्हीकडे घाबरलो," ते म्हणाले. "पण वारुळाला पण घाबरलोच होतो."

"काका, एक सांगून टाका," मी म्हटलं. "आंटींना समाधान मिळेल. कुणाला कळणार आहे?" टेस्टर असून मी हे बोलले, याची मला अजून लाज वाटते.

त्यांनी वही मिटली. मग त्यांनी मला आजवर न सांगितलेलं सांगितलं. ते पस्तिशीत असताना एका बोटीच्या इंजिनरूमला आग लागली. अशा वेळी दारं बंद करून आत कार्बन डायऑक्साइड सोडतात. आग गुदमरते आणि आत कोणी राहिलं तर तेही. म्हणून आधी डेकवर माणसं मोजायची. "मी मोजली. बावीस हवीत, बावीस भरली. सही केली आणि गॅस सोडला. धुराने सगळ्यांची तोंडं काळी होती, बाय. एकाला मी दोनदा मोजला होता. एक फिटर आत राहिला होता. माझ्याच वयाचा. दारापर्यंत आला होता." चौकशीत त्यांना दोष आला नाही. धूर होता, घाई होती, असं सगळे म्हणाले. "पण त्या पानावर सही माझी आहे. त्यानंतर माणसांच्या मोजणीवर मी कधी सही केलेली नाही."

मी त्यांना धीर द्यायला गेले नाही, तेच बरं झालं.

शुक्रवारी सकाळी अधिकारी मुलगी, आंटी, काका आणि मी त्या दोन ढिगांपाशी उभे होतो. आंटींना दोघांनी धरून वर आणलं होतं. मुलीने फॉर्म पुढे केला. काकांनी स्क्रू ड्रायव्हर काढलाच नाही. टोपी हातात घेऊन इंग्रजीत सरळ म्हणाले, "मला कळत नाही. दोन्हींत कुणीतरी आहे असं मला वाटतं. एक सांगितलं तर दुसरं माझ्यामुळे आत राहील. मी चुकत असेन, याआधी चुकलो आहे." मुलगी फॉर्मकडे बघत राहिली. तिच्याकडे नात्याचा रकाना होता आणि त्यात 'माहीत नाही' लिहायची सोय नव्हती.

आंटी वाकल्या, एका कपाला हात लावला, मग दुसऱ्याला. "टू आल्सो माय सिस्टर," त्या म्हणाल्या.

"आंटी, तुम्हाला दोन बहिणी होत्या?" मुलीने हळूच विचारलं.

"बिफोर, वन," आंटी म्हणाल्या. "नाऊ हॅव टू."

मुलीने पेनाची दोनदा उघडझाप केली. मग बहिणीची जागा नक्की सांगता येत नाही, सबब दोन्ही उघडावीत, असा शेरा स्वतःच्या हाताने लिहिला आणि खाली आपलं नाव टाकलं. त्या पोरीचे उपकार मी विसरणार नाही.

उकरायचं काम दोन आठवड्यांनी, सकाळी सातला झालं. त्यांच्यात हाडांवर ऊन पडू द्यायचं नसतं म्हणून आंटींनी छत्री मागितली आणि काकांची काळी छत्री पुढे आली. काकांनी गाऱ्हाणं घातलं, मी साथ दिली. आणि शेजारून आंटींच्या थकलेल्या आवाजात 'वय माराजा' असं काहीतरी आलं. मग फावडी लागली. मी माझ्याच मनगटात नखं रुतवून उभी होते. पिवळी माती, पिवळी माती, कमरेपर्यंत सगळी पिवळीच. काका डोळे मिटून छत्री धरून होते. आता पुन्हा वारूळ निघालं तर हा माणूस इथेच बसेल आणि उठणार नाही, असं मला वाटत होतं.

उकरणारा जाणकार म्हातारा खाली वाकला. त्याने बोटाने माती चोळली, वास घेतला आणि मुलीला काहीतरी सांगितलं. खाली अडीच हात लांबीचा काळा पट्टा होता. इतक्या वर्षांत हाडं राहत नाहीत, विशेषतः मुलांची, पण माती काळी आहे म्हणजे इथे कुणीतरी होतं. मग ते दुसऱ्या ढिगाकडे वळले. तिथेही तेवढ्याच खोलीवर, तेवढ्याच लांबीची काळी माती लागली.

काकांनी डोळे उघडले. "दोन होती," ते मला म्हणाले. "बाय, दोन होती."

एक सांगून टाका म्हणाले होते मी. त्या दोन खड्ड्यांकडे बघत मी तिथेच चिखलात बसले.

काळी माती दोन झाकणाच्या बरण्यांत भरली. आंटींच्या आईवडिलांच्या अस्थी ज्या देवळात आहेत तिथे दोघींना ठेवायचं होतं. टॅक्सीची वाट बघत आम्ही त्याच बस स्टॉपवर बसलो. एक बरणी आंटींच्या मांडीवर, एक काकांच्या. ऊन वर आलं होतं म्हणून काकांनी छत्री आंटींच्या आणि बरण्यांच्या डोक्यावर धरली होती आणि स्वतः उन्हात होते.

"बाय, मोज," ते म्हणाले.

"तीन."

त्यांनी मोकळा हात मांडीवरच्या बरणीवर ठेवला.

"पाच," मी म्हटलं.

"परत."

मी बोट लावून मोजलं. आंटी, काका, मी, ही आणि ही. "पाच."

त्यांनी छत्री माझ्या हातात दिली आणि वही काढली. लिहिलं, 'आत तीन, बाहेर पाच'. मी सवयीने पेनासाठी हात पुढे केला. त्यांनी पेन दिलं नाही. वही बरणीच्या झाकणावर टेकवली आणि सावकाश, एकेक अक्षर काढत, आपली पूर्ण सही केली. हात जराही थरथरला नाही.

टॅक्सी आली. मला ऑफिस होतं, मी मागे राहिले. गाडी वळताना मी मागच्या काचेतून मोजलं. चार. पाचवी मी, स्टॉपवर, त्यांची छत्री माझ्याच हातात राहिलेली.